होम मीडिया सर्व्हरवरचे दुबार चित्रपट: कसे शोधायचे, कोणती प्रत ठेवायची, कोणती पुसायची

डिस्क भरत आल्याची सूचना दिसली की बहुतेक जण एकच करतात. लायब्ररीत दोनदा दिसणारे चित्रपट शोधायचे, मोठी फाइल ठेवायची, लहान पुसायची. मीही तेच केलं होतं. एका संध्याकाळी वीसेक फाइली पुसल्या आणि मोकळी झालेली जागा पाहून समाधानाने झोपलो. महिनाभराने त्यातला एक आवडता चित्रपट लावला, तेव्हा लक्षात आलं की दिग्दर्शकाचं निवेदन असलेला ऑडिओ ट्रॅक त्या लहान, जुन्या डीव्हीडीवरून घेतलेल्या प्रतीतच होता. ती डीव्हीडी तोवर वाचता येईनाशी झाली होती. तो ट्रॅक मला आजवर परत मिळालेला नाही.

चूक पुसण्यात नव्हती. ‘दुबार’ या एका शब्दाखाली पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी येतात आणि मी त्या सगळ्यांना एकच उपाय लावला, तिथे चुकलं. म्हणून या लेखात पुसण्याची पायरी फार उशिरा येते. उदाहरणं मुख्यतः प्लेक्स आणि जेलीफिनची आहेत, म्हणजे आपल्या डिस्कवरचे चित्रपट घरच्या टीव्ही-मोबाइलवर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमची, पण एम्बी किंवा कोडी असे त्याच कामाचे दुसरे प्रोग्रॅम वापरत असाल तरी क्रम हाच राहील.

दुबार दिसणाऱ्या चित्रपटांचे प्रकार

पहिला प्रकार सरळ आहे: तीच फाइल दोन ठिकाणी कॉपी झालेली, बाइटनबाइट सारखी. जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर माल हलवताना कॉपी अर्धवट थांबते, आपण पुन्हा सुरू करतो, नंतर जुनं पुसायचं राहून जातं.

दुसरा प्रकार माझ्याकडे सगळ्यात जास्त सापडला. आपल्या ब्लू-रेवरून मेकएमकेव्हीने चित्रपट उतरवायचा आणि मग हँडब्रेकने लहान करायचा. मेकएमकेव्ही पुन्हा एन्कोड करत नाही (चित्र-आवाज नव्याने दाबून साठवत नाही), डिस्कवरचं जसंच्या तसं उचलतं. त्यामुळे ती फाइल तीस-चाळीस जीबीची होते आणि हँडब्रेकची पाच-सहा जीबीची. दोन्ही एकाच फोल्डरात राहतात आणि सर्व्हर इमानाने दोन्ही दाखवतो.

तिसरा प्रकार म्हणजे वेगवेगळ्या स्रोतांवरून आलेल्या प्रती, एक डीव्हीडीची आणि एक ब्लू-रेची. चौथा, चित्रपटाच्या वेगळ्या आवृत्त्या. ‘ब्लेड रनर’ १९८२ साली चित्रपटगृहात आला, १९९२ मध्ये त्याचा ‘डायरेक्टर्स कट’ आणि २००७ मध्ये ‘फायनल कट’ आला. या तीन फाइलींना दुबार म्हणणं चूकच आहे.

पाचवा प्रकार सगळ्यात धोकादायक: चुकीची ओळख. ‘डून’ नावाचा एक चित्रपट १९८४ चा आहे आणि एक २०२१ चा. फाइलच्या नावात वर्ष नसेल, तर सर्व्हर दोघांनाही एकच समजून एकाच पोस्टरखाली दोन प्रती म्हणून दाखवू शकतो. तुम्ही ‘कमी दर्जाची प्रत’ समजून एक पुसता आणि प्रत्यक्षात वेगळाच चित्रपट जातो.

सहावा, भास. डिस्कवर एकच फाइल आहे पण ती दोन वाटांनी दिसते. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण इथे एकुलती एक प्रत हातची जाते.

हात लावण्याआधी

सर्व्हरच्या डेटाबेसचा बॅकअप घ्या. काय पाहिलं, कुठे थांबलो, कोणता चित्रपट कोणत्या संग्रहात ठेवला, हे सगळं तिथे असतं. प्लेक्स मूळ सेटिंगप्रमाणे दर तीन दिवसांनी डेटाबेसची प्रत स्वतः काढतो, तरीही मोठ्या सफाईआधी मी सर्व्हर बंद करून डेटाचं फोल्डर वेगळ्या डिस्कवर कॉपी करतो. जेलीफिनलाही हेच: बंद करा, डेटा आणि कॉन्फिगरेशनची फोल्डरं कॉपी करा, मग चालू करा.

चित्रपटांचाही बॅकअप असेल तर उत्तम. रेड (एक डिस्क बंद पडली तरी माल टिकावा म्हणून अनेक डिस्का जोडण्याची रचना) म्हणजे बॅकअप, असं समजू नका. रेड डिस्क बंद पडण्यापासून वाचवतो. तुम्ही फाइल पुसली तर सगळ्या डिस्कांवरून ती त्याच क्षणी जाते.

मग सर्व्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन फाइली पुसण्याची परवानगी बंद करा. प्लेक्समध्ये हे लायब्ररीच्या सेटिंगमध्ये आहे, जेलीफिनमध्ये ती परवानगी प्रत्येक वापरकर्त्यागणिक असते. पुसण्याचं काम आपण फाइल मॅनेजरमधून, स्वतःच्या हाताने करणार आहोत. नेटवर्क शेअरवरचा रिसायकल बिन साधारणपणे नेटवर्कवरून पुसलेल्या फाइलींपुरताच चालतो. सर्व्हरच्या प्रोग्रॅमने थेट डिस्कवरून पुसलेली फाइल तिथे येत नाही. म्हणजे टीव्हीसमोर बसून रिमोटने केलेली चूक कायमची ठरते.

प्लेक्समध्ये ‘प्रत्येक स्कॅननंतर कचरा आपोआप रिकामा करा’ अशा अर्थाची सेटिंगही काम संपेपर्यंत बंद ठेवा. डिस्क क्षणभर जोडलेली नसताना स्कॅन झाला, तर सर्व्हरला सगळे चित्रपट गायब झाल्यासारखे वाटतात आणि त्या नोंदी तो साफ करून टाकतो.

पहिली यादी: सर्व्हरच्या नजरेतून

प्लेक्सच्या वेब अ‍ॅपमध्ये चित्रपटांची लायब्ररी उघडा आणि वरच्या फिल्टरमध्ये ‘डुप्लिकेट्स’ निवडा. एका नोंदीखाली एकापेक्षा जास्त फाइली असलेले सगळे चित्रपट समोर येतात. प्रत्येकाच्या माहितीच्या खिडकीत फाइलींचे पूर्ण पत्ते दिसतात. ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, पोस्टरवरून काहीच कळत नाही.

या फिल्टरची एक मर्यादा ध्यानात ठेवा. एकाच लायब्ररीत, एकाच नोंदीत जोडलेल्या फाइलीच तो दाखवतो. तोच चित्रपट दोन स्वतंत्र पोस्टरांत दिसत असेल, किंवा दोन वेगळ्या लायब्रऱ्यांत असेल, तर तो इथे सापडणार नाही. त्यासाठी यादी नावाच्या क्रमाने लावून एकदा सावकाश खाली जावं लागतं. हजार चित्रपटांना अर्धा तास पुरतो. जेलीफिनमध्येही मी असंच करतो: नावाने क्रम लावला की जुळी पोस्टरं शेजारी येतात. टायनी मीडिया मॅनेजर हा लायब्ररी सांभाळणारा प्रोग्रॅम वापरत असाल तर त्यात दुबार चित्रपट शोधण्याची सोय आहे.

या पायरीला फक्त नोंद करा. साधी स्प्रेडशीट पुरते: चित्रपट, वर्ष, फाइलचा पूर्ण पत्ता, आकार, कालावधी, शेरा. आकाराप्रमाणे उतरता क्रम लावा. वरच्या दहा-पंधरा चित्रपटांतच बहुतेक वाया गेलेली जागा निघते, आणि खालच्या सातशे एमबीच्या फाइलींसाठी रात्र जागवायची गरज उरत नाही.

यादीत चुकीची ओळख दिसली तर ती इथेच सुधारा. प्लेक्समध्ये ‘स्प्लिट अपार्ट’ने नोंद फोडायची आणि चुकलेल्या भागाला ‘फिक्स मॅच’ने योग्य चित्रपट द्यायचा, जेलीफिनमध्ये ‘आयडेंटिफाय’. ती ओळख टिकून राहावी म्हणून फोल्डरच्या नावातच वर्ष आणि शक्य तर टीएमडीबी किंवा आयएमडीबी या चित्रपटांच्या ऑनलाइन सूचींमधला क्रमांक घाला. प्लेक्सला हा क्रमांक महिरपी कंसात लागतो, जेलीफिनला चौकटी कंसात. आणि फाइलच्या नावात आकडे इंग्रजीच वापरा. या लेखात ते वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत.

दोन भागांत असलेले जुने चित्रपटही यादीत येतात. दोन फाइलींच्या नावांत फक्त ‘सीडी १’ आणि ‘सीडी २’ एवढाच फरक असेल, तर ते एकाच चित्रपटाचे दोन तुकडे आहेत. नावं नियमाप्रमाणे नसल्यामुळे सर्व्हरला ते दोन प्रती वाटतात. दोन्ही लावून पाहा, दुसरी फाइल मध्यंतरानंतर सुरू होते का ते कळेलच.

दुसरी यादी: डिस्कच्या नजरेतून

बाइटनबाइट सारख्या फाइली शोधायला सर्व्हरची गरज नाही. च्काव्का आणि डुपगुरू या दुबार शोधणाऱ्या प्रोग्रॅमना खिडक्या-बटणं आहेत. कमांडने काम करणाऱ्यांसाठी एफडुप्स, जेडुप्स, आरएमलिंट आहेत. यांची रीत साधारण एकच. आधी आकार जुळणाऱ्या फाइली वेगळ्या काढायच्या, मग थोडा भाग वाचून तुलना, आणि तरीही जुळल्या तर पूर्ण फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढायचा. सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर ३० जीबीची एक फाइल पूर्ण वाचायला २०० सेकंद लागतात, त्यामुळे मोठ्या संग्रहाला हे काम रात्री लावून ठेवा.

हॅश जुळला तर मजकूर तोच आहे, शंका नाही. हॅश जुळला नाही म्हणून चित्रपट वेगळा ठरत नाही. एमकेव्ही फाइलच्या आतलं शीर्षक बदललं, एक सबटायटल ट्रॅक काढला, तरी हॅश पूर्ण बदलतो आणि चित्र-आवाज तसेच राहतात. दिसण्यावरून जुळणारे व्हिडिओ शोधण्याची सोय च्काव्कामध्ये आहे. तिचा निकाल मी इशारा म्हणून घेतो, पुरावा म्हणून नाही.

एक गोष्ट आपल्या लिपीची. फोल्डरांना देवनागरी नावं देत असाल, तर दोन अगदी सारखी दिसणारी नावं संगणकाला वेगळी असू शकतात. ‘ऱ्या’ मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका अक्षरानेही लिहिता येतो आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही. ‘ॲ’चंही तसंच: एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अ’वर चंद्र ठेवूनही तसंच दिसणारं अक्षर बनतं. एका संगणकावर एका पद्धतीने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या पद्धतीने टाइप झालं की लिनक्सवर शेजारी-शेजारी दोन फोल्डरं उभी राहतात आणि डोळ्यांना फरक दिसत नाही. अशी जोडी सापडली, तर एक फोल्डर ठरवून दुसऱ्यातला माल त्यात हलवा.

भासाचे प्रकार: इथे घाई नको

हार्ड लिंक म्हणजे डिस्कवरच्या एकाच मजकुराची दोन नावं. एक नाव पुसल्याने एक बाइटही मोकळा होत नाही. दुसरं पुसलं की मात्र चित्रपट गेला. लिनक्सवर फाइलींची सविस्तर यादी काढली की परवानग्यांच्या पुढे लिंकांची संख्या दिसते. ती दोन किंवा अधिक असेल, तर फाइलला आणखी नावं आहेत. आयनोड क्रमांकही (फाइल सिस्टिम मजकुराला देते तो क्रमांक) छापून घ्या. एकाच फाइल सिस्टिमवर दोन्हींचा तो सारखा असेल तर मजकूर एकच.

दुसरा भास एकत्र केलेल्या डिस्कांचा. मर्जरएफएस किंवा अनरेडचे युजर शेअर अनेक डिस्कांना एक सलग फोल्डर म्हणून दाखवतात. मूळ डिस्कचा पत्ता आणि एकत्रित पत्ता, दोन्ही तुम्ही शोधक प्रोग्रॅमला दिले, तर त्याला तुमचा अख्खा संग्रह दुबार वाटेल. ‘प्रत्येक जोडीतली एक पुसा’ हे बटण तिथे दाबलं की सगळं संपलं. शोधकाला नेहमी एकाच बाजूचे पत्ते द्या: एक तर सगळ्या मूळ डिस्का, नाहीतर फक्त एकत्रित फोल्डर.

सर्व्हरच्या लायब्ररीतही हे घडतं. चित्रपटांचं मुख्य फोल्डर जोडलेलं असताना त्याच्याच आतलं ‘चार-के’ फोल्डर पुन्हा वेगळं जोडलं की तीच फाइल दोनदा मोजली जाते. उपाय फक्त सेटिंगमधला, डिस्कला हात लावायचा नाही. तसंच नेटवर्क स्टोरेजचं रिसायकल फोल्डर लायब्ररीच्या आत असेल, तर पुसलेले चित्रपट पुन्हा उगवतात. ते फोल्डर वगळण्यासाठी प्लेक्सला ‘प्लेक्सइग्नोर’ नावाची फाइल चालते, आणि जेलीफिनला त्या फोल्डरात ठेवलेली ‘इग्नोर’ नावाची रिकामी फाइल पुरते. दोन्ही नावं टिंबाने सुरू होतात आणि इंग्रजी अक्षरांत लिहायची असतात.

प्लेक्सने स्वतः तयार केलेल्या हलक्या प्रतीही असतात. कधीतरी मोबाइलसाठी ‘ऑप्टिमाइझ’ केलं होतं, विसरून गेलो, आणि त्या ‘प्लेक्स व्हर्जन्स’ नावाच्या फोल्डरात पडून राहिल्या. या निर्धास्त काढता येतात, मूळ फाइल असेल तर पुन्हा बनतील.

कालावधी ताडून पाहा

आता खऱ्या जोड्या उरल्या. दोन्ही फाइली मीडियाइन्फो या तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा आणि सगळ्यात आधी कालावधी पाहा. दोन-चार सेकंदांचा फरक सुरुवातीच्या कंपनीच्या चिन्हांचा असू शकतो. दोन तासांच्या चित्रपटात सात सेकंदांच्या आसपास फरक असेल, तर एक प्रत सेकंदाला २४ चित्रांची आणि दुसरी २३.९७६ ची आहे. काहीच बिघडलेलं नाही.

दोन तासांचा चित्रपट एका प्रतीत ११५ मिनिटं १२ सेकंदांचा निघाला, तर दृश्यं कापली गेल्याचा संशय येतो. तसं असेलच असं नाही. पाल या टीव्ही-प्रसारण पद्धतीच्या डीव्हीडीसाठी सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट २५ च्या वेगाने चालवायची प्रथा होती. त्यामुळे तो चार टक्क्यांनी लवकर संपतो आणि आवाजाची पट्टी दुरुस्त केली नसेल तर किंचित चढी लागते. फ्रेम रेट २५ दिसला आणि कालावधीचं प्रमाण २५ ला २४ असं जुळलं, तर आवृत्ती एकच समजा.

हिशेबात न बसणारा काही मिनिटांचा फरक मात्र वेगळी आवृत्ती सुचवतो. दोन्ही प्रती वेगवेगळ्या जागी उडी मारून पाहा आणि शेवटची दहा मिनिटं नक्की पाहा. फाइल अर्धवट कॉपी झालेली असेल तर तेही तिथेच कळतं.

कोणती प्रत ठेवायची

आकडे पाहण्याआधी फाइल धड आहे का हे तपासा. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅमला फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडायला लावायचं, आउटपुट कुठेही साठवायचं नाही, आणि फक्त चुका छापायला सांगायच्या. काहीच छापलं नाही तर फाइल ठीक आहे. चुकांची रांग आली, तर त्या प्रतीचं रिझोल्यूशन कितीही असो, दुसरी प्रत पुसू नका.

त्यानंतर मी ऑडिओ पाहतो. चित्र आधी पाहण्याचा मोह होतो, पण चांगलं चित्र पुढेमागे नव्या डिस्कवरून मिळू शकतं. एखाद्या भाषेतला जुना आवाज किंवा निवेदनाचा ट्रॅक पुढच्या डिस्कवर येईलच याचा भरवसा नसतो. कोणत्या भाषा आहेत, किती चॅनेल, निवेदन आहे का, ते लिहून काढा. मग सबटायटल. त्यात ‘फोर्स्ड’ ट्रॅक लक्ष देऊन पाहा. चित्रपटात मध्येच परक्या भाषेतले संवाद येतात तेव्हा त्यांचाच तेवढा अनुवाद दाखवणारा हा ट्रॅक असतो. तो नसला तर ऐन महत्त्वाच्या प्रसंगात घरचे सगळे तुमच्याकडे बघू लागतात.

चित्राची तुलना करताना रिझोल्यूशनच्या आकड्यावर थांबू नका. सेकंदाला ८ मेगाबिट दराने दोन तासांचा चित्रपट साधारण ७.२ जीबी होतो. त्याच आकाराच्या दोन प्रतींत एक एच-२६४ आणि दुसरी एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याच्या दोन पद्धती) असेल, तर दुसरीत बहुधा जास्त तपशील उरतो. एचईव्हीसी हे २०१३ चं प्रमाण २००३ च्या एच-२६४ पेक्षा बरंच कमी जागेत तितकाच दर्जा देण्यासाठी बनलं. पण कमी बिटरेटवर चार-के केलेली फाइल चांगल्या १०८०-पी फाइलपेक्षा वाईट दिसू शकते, आणि डीव्हीडीवरून फुगवून केलेलं चार-के तर फक्त आकाराने मोठं असतं. एक अंधारं दृश्य, एक धुक्याचं किंवा आकाशाचं, एक वेगवान हालचालीचं, अशी तीन ठिकाणं दोन्ही प्रतींत थांबवून पाहा. आकाशात पट्टे, अंधारात चौकोनी ठोकळे, मेणासारखे गुळगुळीत चेहरे दिसले की निर्णय झाला.

जुन्या डीव्हीडीला कमी लेखू नका, असं मला मनापासून वाटतं. कधी नव्या ब्लू-रेवर रंग बदललेले असतात, कधी चौकट वेगळी कापलेली असते. चित्रपट तुम्हाला जसा आठवतो तसा जुन्या प्रतीत असेल, तर तीन-चार जीबी काही फार नाहीत.

शेवटी, कोण कशावर पाहतं तेही बघा. चार-के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला दाखवणारी) फाइल एचडीआर नसलेल्या पडद्यावर दाखवताना सर्व्हरला रंग बदलून पुन्हा एन्कोड करावं लागतं, आणि लहान सर्व्हर तिथे धापा टाकतो. ब्लू-रेची चित्ररूपी सबटायटलंही अनेक उपकरणांवर चित्रात मिसळून द्यावी लागतात, म्हणजे पुन्हा तेच. घरात एक मोठा टीव्ही आणि दोन-तीन जुनी उपकरणं असतील, तर एक चार-के आणि एक १०८०-पी अशा दोन प्रती ठेवणं शहाणपणाचं आहे. तीस जीबीच्या शेजारी आठ जीबी वाढले तर बिघडत नाही.

पुसायच्या प्रतीतलं काढून घ्या

चांगलं चित्र एकीकडे आणि हवा तो ट्रॅक दुसरीकडे असेल, तर एमकेव्हीटूलनिक्समध्ये दोन्ही फाइली टाका, हवे ते ट्रॅक ठेवून बाकीच्यांच्या खुणा काढा आणि एकच नवी फाइल बनवा. इथे पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा जात नाही आणि काम काही मिनिटांत होतं.

अडचण जुळणीची. दोन्ही प्रतींचा फ्रेम रेट सारखा असेल, तर सुरुवातीच्या फरकाएवढा विलंब मिलिसेकंदांत दिला की भागतं. एक प्रत पाल वेगाची असेल, तर सबटायटलचे वेळ २५ भागिले २४ ने ताणता येतात. आवाजाला ते पुरत नाही, तो वेग उतरवून नव्याने एन्कोड करावा लागतो. जोडलेली फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, तिन्ही ठिकाणी ऐका. सुरुवातीला जुळून शेवटी घसरत असेल तर वेगाचा घोळ राहिला आहे.

दोन्ही ठेवायच्या तर नावं नीट द्या

एकाच चित्रपटाच्या दोन दर्जांच्या प्रती एकाच फोल्डरात ठेवा. जेलीफिनमध्ये फाइलचं नाव फोल्डरच्या नावानेच, अक्षर न् अक्षर तसंच सुरू व्हायला हवं. त्यानंतर मोकळी जागा, आडवी रेघ, मोकळी जागा आणि मग ‘१०८०-पी’ सारखी खूण, जी अर्थात इंग्रजीत लिहायची. नावात कुठे एक जागा जास्त पडली तरी दोन पोस्टरं दिसू लागतात. वेगळी पडलेली पोस्टरं निवडून ‘ग्रुप व्हर्जन्स’ने जोडता येतात, पण नाव सुधारणं जास्त टिकाऊ.

वेगळ्या आवृत्त्यांसाठी प्लेक्समध्ये ‘एडिशन’ची सोय आहे: महिरपी कंसात इंग्रजीत ‘एडिशन’, जोडरेघ आणि आवृत्तीचं नाव. मग प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र पोस्टर म्हणून दिसते. यासाठी प्लेक्स पास ही पैसे भरून घ्यायची वर्गणी लागते. कोडीनेही २१ व्या आवृत्तीपासून एका चित्रपटाच्या अनेक आवृत्त्या सांभाळायला सुरुवात केली आहे.

आता पुसा, पण एका दमात नको

लायब्ररीच्या बाहेर, त्याच डिस्कवर ‘पुसायचे’ असं एक फोल्डर करा. नको त्या फाइली तिथे हलवा. डिस्क तीच असल्याने हलवणं क्षणात होतं, आणि फोल्डर लायब्ररीबाहेर असल्याने सर्व्हर त्या पुन्हा उचलत नाही. सोबतच्या एसआरटी (सबटायटल) आणि एनएफओ (चित्रपटाची माहिती) फाइलीही हलवा. राहिलेल्या फाइलचं नाव बदललं असेल, तर तिच्या सबटायटल फाइलचंही नाव तितकंच बदला, नाहीतर सबटायटल दिसणार नाहीत.

चित्रपटाच्या दोन वेगळ्या नोंदी असतील, तर फाइल हलवण्याआधी त्या ‘मर्ज’ करून एक करा. एका नोंदीखालची एक फाइल गेली तरी नोंद टिकते, आणि तिच्यावरचे शेरे, संग्रह, निवडलेलं पोस्टर राहतं. मग स्कॅन करा आणि यादीतला प्रत्येक चित्रपट मिनिटभर लावून पाहा. सगळं ठीक असेल तर प्लेक्समधला कचरा हाताने रिकामा करा.

मी ‘पुसायचे’ फोल्डरला महिनाभर हात लावत नाही. तेवढ्या काळात घरातलं कुणीतरी ‘तो आवाज कुठे गेला’ म्हणून विचारतंच. महिन्यानंतर फोल्डर रिकामं करा. तरीही जागा वाढली नाही, तर दोन गोष्टी तपासा: त्या फाइलींना कुठे हार्ड लिंक होती का, आणि झेडएफएस किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमांवर जुने स्नॅपशॉट (त्या त्या क्षणीच्या डिस्कच्या जपलेल्या अवस्था) आहेत का. स्नॅपशॉट जिवंत असेपर्यंत त्यातल्या फाइलींची जागा मोकळी होत नाही. फाइल सिस्टिमच्या डिडुप्लिकेशनवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: ते एकसारखे ब्लॉक शोधतं, आणि दोन वेगळ्या एन्कोडिंगमध्ये तसे ब्लॉक जवळजवळ नसतातच.

पुन्हा साचू नये म्हणून

डिस्कवरून उतरवलेला कच्चा माल आणि लायब्ररी यांची फोल्डरं कायमची वेगळी ठेवा. हँडब्रेकचं आउटपुटही थेट लायब्ररीत सोडू नका. ते आधी एका ‘आवक’ फोल्डरात जाऊ दे. तिथे नाव, वर्ष, ट्रॅक तपासायचे, लायब्ररीत तो चित्रपट आहे का ते शोधायचं, आणि मगच आत हलवायचं. माझ्याकडे या एका सवयीने दुसऱ्या प्रकारचे दुबार पूर्ण बंद झाले.

डिस्क बदलताना प्लेक्समध्ये आधी नवा पत्ता लायब्ररीत जोडा, स्कॅन पूर्ण होऊ द्या, आणि मग जुना पत्ता काढा. काही काळ सगळंच दुबार दिसेल, ते अपेक्षित आहे. या क्रमाने नोंदी नव्या फाइलींना चिकटतात, आणि जुना पत्ता काढल्यावर काय पाहिलं, कुठे थांबलो, हे सगळं जागच्या जागी राहतं.